पहिले 800 किलोमीटर

[अ‍ॅक्सल उघडलेला. क्राउनच्या दातांवर पिवळा रंग.]

फोर-व्हील गाडीच्या अ‍ॅक्सलमध्ये गिअरची नवी जोडी बसतेय: चाकांना फिरवणारं मोठं चक्र म्हणजे क्राउन, आणि त्याला फिरवणारं छोटं म्हणजे पिनियन. हा पिवळा रंग शोभेचा नाही. दातांना तो फासायचा, पिनियन फिरवायचा आणि रंग कुठे पुसला गेला ते बघायचं. ठसा दाताच्या मधोमध उमटला तर ठीक. मुळाशी किंवा टोकाशी सरकला, तर पिनियनची शिम, म्हणजे त्याची जागा ठरवणारी पातळ चकती, बदलायची, सगळं पुन्हा जोडायचं, पुन्हा रंग. समोर दिसतोय तो चौथा ठसा. फिटर अजून खूश नाही.

[डायल गेजचा काटा.]

काटा किती कमी हलतो बघा. दातांमधला प्ले, म्हणजे मोकळी जागा, साधारण 0.15 ते 0.25 मिलिमीटर. त्याहून घट्ट असेल तर गरम झाल्यावर तेलाला जागा उरत नाही.

हे सगळं कशासाठी, तर चाकांसाठी. 29 इंची चाकांच्या जागी 35 इंची आली की गाडी चढावर रडते. म्हणून 4.10 ची जोडी काढून 4.88 ची, पुढे आणि मागे दोन्हीकडे. हा आकडा म्हणजे चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या किती फेऱ्या. एकाच अ‍ॅक्सलचं बदलून भागत नाही. फोर-व्हील लावलं की दोन्ही एकमेकांशी भांडतात.

[पिनियन आणि क्राउन शेजारी शेजारी, कोरलेले आकडे.]

दोघांवर एकच नंबर आहे. कारखान्यात बहुतेक वेळा ही जोडी एकमेकांवरच घासून तयार करतात, त्यामुळे एकाला दुसऱ्याच जोडीदाराशी बसवता येत नाही. पिनियनला 8 दात, क्राउनला 39. या दोन आकड्यांना समान भाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो. चाकाच्या आठ फेऱ्या, म्हणजे सुमारे 22 मीटर, एवढ्यात सगळ्यांची ओळख होते. ओळख होते, रुळायला मात्र वेळ लागतो.

कारण पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, तिच्या खाली किंवा वर सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. नव्या दाताचा पृष्ठभाग डोळ्याला आरसा वाटतो, पण त्यावर बारीक उंचवटे असतात. घसरताना ते दबतात, झिजतात आणि भरपूर उष्णता देतात.

[गाडी बाहेर पडते. इथे निवेदन नाही.]

पहिली फेरी पंधरा-वीस मिनिटांची. वेग मध्यम, पाय हलका, मागे ट्रेलर नाही. मग थांबायचं.

[थर्मामीटरचा लाल ठिपका डिफच्या, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या घराच्या, झाकणावर.]

आणि हे थांबणंच कोणाला जमत नाही. नवीन गिअर बसवले की हात शिवशिवतात, हे मान्य. पण अर्धा तास, झाकण नीट निवेपर्यंत, गाडी उभीच ठेवायची. मग पुन्हा तीच फेरी, पुन्हा तेच थांबणं. पुढचे 800 किलोमीटर ओझं ओढायचं नाही, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. पुढच्या अ‍ॅक्सलचं जरा वेगळं असतं. पार्ट-टाइम गाडीत, म्हणजे जिथे फोर-व्हील हवं तेव्हाच लावतात, कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावायचं नसतं, म्हणून तिथले दात सुरुवातीला भाराविना फिरतात. पहिल्यांदा माती-वाळूत उतरताना त्यांनाही सबुरीनं घ्यायचं.

घाई केली तर तेल जळतं, दातांचा कठीणपणा जातो, गाडी गुणगुणायला लागते आणि जोडीच बदलावी लागते.

[ड्रेन प्लग सुटतो. तेलाची धार.]

800 किलोमीटर झाले. तेल काळपट दिसतंय, त्यात चंदेरी झाक आहे. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप बसलाय, बोटांत चोळला तर लोण्यासारखा. हेच ते झिजलेले उंचवटे. किरच्या किंवा तुकडे मिळाले असते, तर झाकण पुन्हा उघडावं लागलं असतं.

[बोट कापडाला पुसलं जातं. प्लग परत बसतो.]

नवीन तेल, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत.