खेळकर्ता, प्रकाशक आणि यंत्राचा मालक

व्हिडिओ गेमच्या व्यवहारात ‘डेव्हलपर’ आणि ‘पब्लिशर’ हे दोन शब्द सतत येतात. पहिल्याला ‘विकासक’ म्हटले, तर श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे सात मजली इमारत उभी राहील; म्हणून मी त्याला, खेळ बनवणारा या अर्थाने, खेळकर्ता म्हणतो. दुसरा प्रकाशकच आहे: तो पैसा घालतो, जाहिरात करतो, माल दुकानात पोचवतो. मात्र पुस्तक वाचण्यासाठी कोणाचे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, इथे खेळ चालवणारे यंत्र, म्हणजे ‘कन्सोल’, घ्यावे लागते; आणि या यंत्राच्या मालकानेच धंद्याचे नियम वेळोवेळी ठरवले आहेत.

प्रारंभी हे तिघेही एकच होते. 1972 मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली अटारी 1977 साली आणलेल्या आपल्या घरगुती यंत्रासाठी खेळही स्वतःच करी, आणि ते करणारे पगारी नोकर असत. डब्यावर त्यांचे नाव नसे. वॉरन रॉबिनेट या खेळकर्त्याने तर आपल्या एका खेळात गुप्त खोली करून तिथे स्वतःचे नाव लिहून ठेवले, आणि ते उघडकीस आले तोवर तो नोकरी सोडून गेला होता. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या अटारीतल्याच चौघा खेळकर्त्यांनी याहून सरळ मार्ग धरला. विक्रीचे आकडे पाहून आपल्या खेळांवर कंपनी किती कमावते हे त्यांना कळले होते. त्यांनी श्रेय आणि वाटा मागितला, तो नाकारला गेला, तेव्हा 1979 मध्ये संगीत-व्यवसायातून आलेल्या जिम लेव्ही यांच्या साथीने त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ करून विकणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी होय. अटारीने दावा लावला. 1982 मध्ये तडजोड होऊन अ‍ॅक्टिव्हिजनने स्वामित्वधन देण्याचे मान्य केले, आणि दार उघडले.

उघडले ते सर्वांनाच. ज्यांचा खेळांशी काडीचा संबंध नव्हता, तेही खेळ काढू लागले, दुकाने न खपलेल्या मालाने भरली, आणि 1983 पासून अमेरिकेतला घरगुती खेळांचा बाजार कोसळला. त्या वर्षी अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डो गावाजवळ पुरलेल्या मालापैकी काही 2014 मध्ये उकरून काढण्यात आला.

यातून सर्वांत कठोर धडा घेतला तो निन्टेन्डोने. क्योटोत 1889 साली हानाफुदा पत्ते बनवण्यासाठी सुरू झालेल्या या कंपनीने 1985 मध्ये अमेरिकेत यंत्र आणले, तेव्हा त्यात कुलपासारखी एक चिप बसवली. जोडीची चिप नसलेला खेळ चालत नसे. परवाना घेणाऱ्या प्रकाशकाला वर्षाला साधारण पाचच खेळ काढण्याची मुभा होती, आणि त्यांच्या कॅसेटी निन्टेन्डोकडूनच, आगाऊ पैसे भरून बनवून घ्याव्या लागत. न खपलेल्या मालाचा तोटा अर्थातच प्रकाशकाचा. कोनामीने यावर उपाय म्हणून ‘अल्ट्रा गेम्स’ नावाची दुसरी कंपनी काढली. म्हणजे त्याच घरात दुसरी शिधापत्रिका. माझ्या मते ही व्यवस्था दर्जा राखण्याच्या नावाखाली चाललेली वसुलीही होती, पण तिच्यामुळे बाजार पुन्हा उभा राहिला हेही नाकारता येत नाही. (जपानमधल्या मूळ यंत्रात असे कुलूप नव्हते, आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले, कॅसेट फुंकून लावायचे स्वस्त संच त्याच यंत्राच्या नकला होत्या.)

ही पकड सैल केली ती सोनीने. 1994 अखेरीस जपानमध्ये आलेले प्लेस्टेशन सीडीवर चालत असे. सीडी छापणे कॅसेटीपेक्षा खूप स्वस्त आणि जलद, शिवाय तिच्यात मजकूर कितीतरी अधिक मावे. निन्टेन्डोचा जुना सोबती, स्क्वेअर हा जपानी खेळकर्ता, तिकडे वळला आणि 1997 मध्ये त्याची ‘फायनल फँटसी’ मालिका तीन सीडींचा सातवा भाग घेऊन प्लेस्टेशनवर आली.

पुढे मालकीच फिरू लागली. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ करणारी रायट चीनच्या टेन्सेन्टकडे गेली. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये एक्सबॉक्स यंत्राच्या मालकाने, मायक्रोसॉफ्टने, जवळपास 69 अब्ज डॉलरचा सौदा पूर्ण करून जी कंपनी घेतली ती अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड, यंत्रवाल्याची नोकरी सोडलेल्या त्या चौघांच्या कंपनीची वारसदार.