एचपी-35 कॅल्क्युलेटर आतून बघूया: आधी खिशाचं माप, मग मशीन

आधी नुसता आवाज ऐका हं, माइक जवळ आणतो. टक्. टक्. आला ना ऐकू? पत्र्याच्या डब्याचं झाकण मधोमध दाबलं की टक् करून आत जातं आणि बोट काढलं की परत वर येतं, तसंच आहे बघा, प्रत्येक बटणाखाली धातूची पातळ वाकवलेली पट्टी आहे, त्यामुळे आकडा लागला हे बोटालाच कळतं, डिस्प्लेकडे बघावं पण लागत नाही.

हा एचपी-35, ह्यूलेट-पॅकार्ड म्हणजे एचपी कंपनीचा, 1972 चा. खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, किंमत तेव्हा 395 डॉलर, आणि नावातले 35 म्हणजे बटणं, मोजून बघा.

याच कंपनीचं 1968 चं 9100ए, टेबलावर ठेवायचं कॅल्क्युलेटर, हेच सगळं करायचं, साइन, कॉस, लॉग, पण वजन 18 किलो! बिल ह्यूलेटना, म्हणजे एचपीमधला जो एच आहे त्यांना, तेच शर्टाच्या खिशात पाहिजे होतं. म्हणजे बाहेरचं माप आधी ठरलं आणि आतलं सगळं त्यात कोंबायचं होतं, आणि मला ह्या मशीनचं एवढं वेड आहे ते ह्याच्यामुळेच.

उघडूया. स्क्रू दिसणार नाहीत, मागच्या लेबलखाली लपवलेत. आत दोन बोर्ड, एकावर बटणं आणि डिस्प्ले, दुसऱ्यावर लॉजिक. लाल एलईडीचे आकडे खरे इतके बारीक आहेत की प्रत्येकावर प्लास्टिकचं भिंग बसवलंय, आणि ते सगळे एकदम पेटत नाहीत, भराभर एकेक पेटतात, आपल्या डोळ्याला सलग वाटतं आणि बॅटरी वाचते. बटणांवरची अक्षरं पण छापलेली नाहीत, दोन रंगांचं प्लास्टिक दोनदा ओतून केलीत, म्हणून पन्नास वर्षांनी पण पुसली गेली नाहीत.

आता मुख्य गोष्ट. मेन चिप पाच. एक हिशोबाची, एक कंट्रोलची आणि तीन रॉम, म्हणजे कायमचा प्रोग्राम साठवलेल्या चिप, प्रत्येकात 256 इन्स्ट्रक्शन. टोटल 768. एवढ्यात साइन, टॅन, लॉग, वर्गमूळ सगळं! एचपीचे इंजिनिअर डेव्हिड कॉक्रन यांनी हे बसवलं, आणि पद्धत घेतली कॉर्डिक, जी जॅक व्होल्डरनी 1959 मध्ये विमानाच्या नेव्हिगेशनसाठी मांडली होती.

समजा 57 अंश. सुटे पैसे मोजतो तसं करायचं. सगळ्यात मोठी नोट 45 अंशांची, कारण त्याचा टॅन 1. ती एकदा गेली, उरले 12. पुढची 5.71 ची, तिचा टॅन 0.1, ती दोनदा गेली, उरले 0.58. मग 0.573 ची, टॅन 0.01, एकदा. असं करत शून्यापर्यंत जायचं. टॅन 1, 0.1, 0.01 का, तर दशांशात दहानं भागणं म्हणजे आकडे एक घर सरकवणं, बस, त्यामुळे मशीन नुसती बेरीज, वजाबाकी आणि सरकवासरकवी करून टॅन काढतं आणि टॅनवरून साइन. अर्ध्या सेकंदात. आपण अकरावी-बारावीला लॉग टेबल उघडून बोट फिरवत बसायचो ते आठवा म्हणजे अर्धा सेकंद काय आहे ते कळेल.

आणि हो, इथे बरोबरचं चिन्हच नाही, कंसही नाहीत. 3 एंटर 4 अधिक, मग 5 एंटर 6 अधिक, मग गुणिले. आधीचं उत्तर, 7, स्टॅकवर, म्हणजे आकडे एकावर एक रचून ठेवायच्या जागेत, थांबून राहतं, 77 आलं. दोन दिवस हात अडखळतो, नंतर कंसवाला कॅल्क्युलेटर नकोसा होतो, निदान माझं तरी तसंच झालं.

सुरुवातीच्या मशीनमध्ये एक चूक होती. 2.02 चा एलएन, म्हणजे नॅचरल लॉग, काढून लगेच त्याच्या उलटं ई रेज टू एक्स दाबलं तर परत 2.02 यायला पाहिजे, ते 2 यायचं. आणि रॉम पक्की भाजलेली, आतलं काही बदलता येत नाही, त्यामुळे कंपनीनं लोकांना मशीन परत घेऊन दुरुस्त द्यायची तयारी दाखवली.

माझ्याकडचं कुठलं आहे, चला बघूया. 2.02... एलएन... ई रेज टू एक्स...

2.02. म्हणजे हे नंतरचं आहे.