वाऱ्याचा व्यापार

पडद्यावर दिसणारा हा छापील कागद हॉलंडमधला, १७२० सालचा आहे. त्याच्यावर ओळीने पत्ते मांडलेले असून, वरवर पाहता ते कापून खेळायला घ्यावेत असे वाटते. पण प्रत्येक पत्त्यावर त्या वर्षीच्या समभागांच्या वेडाची टवाळी आहे. या कागदाला नाव दिले आहे 'पास्क्विनचे वाऱ्याचे पत्ते'. पास्क्विन म्हणजे रोममधला तो जुना, भंगलेला पुतळा, ज्याच्यावर लोक सत्ताधीशांची खिल्ली उडवणारे निनावी मजकूर चिकटवीत. आणि वारा का? हाती माल नसताना चाललेल्या सट्ट्याला डच भाषेत 'विंडहांडेल', म्हणजे वाऱ्याचा व्यापार, असे म्हणत.

हा कागद 'मूर्खपणाचा महान देखावा' या चित्रसंग्रहात सापडतो. फ्रान्समधली मिसिसिपी कंपनी, लंडनची साउथ सी कंपनी आणि डच शहरांत रातोरात निघालेल्या कंपन्या, या सर्वांवर त्यात कोरडे ओढलेले आहेत. प्रकाशकाने मात्र स्वतःचे नाव कुठेही घातलेले नाही, यावरून त्याचे व्यवहारज्ञान दिसून येते.

चित्रकारांना जुगाराची उपमा शोधत हिंडावे लागले नाही. मिसिसिपी कंपनीचा सूत्रधार जॉन लॉ हा एडिनबरोच्या सोनाराचा मुलगा, आणि तो खरोखरच पट्टीचा जुगारी होता. १७२०च्या जानेवारीत तो फ्रान्सचा अर्थमंत्री झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देश सोडून पळावे लागले.

त्या काळी युरोपात घरोघरी राजहंसाचा पट खेळत. आपल्या सापशिडीप्रमाणेच त्यातही सारी मदार फाशांवर असे. त्याची घरे ६३. अठ्ठावन्नाव्या घरात मृत्यू, तिथे पोचलेल्याला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागे. एकतिसाव्या घरात विहीर असे, आणि तिच्यात पडलेला गडी दुसरा कोणी तिथे येऊन पडेपर्यंत सुटत नसे. चढ्या भावाने समभाग घेऊन अडकलेल्या माणसाची सुटकाही नेमकी याच नियमाने होत होती.

आम्स्टरडॅममध्ये स्थायिक झालेल्या बेर्नार पिकारने त्याच वर्षी कोरलेल्या चित्रात भाग्यदेवतेचा रथ मूर्खता हाकते आहे, तिच्याभोवती कागदांसाठी हात पसरलेली गर्दी आहे, आणि त्या गर्दीसाठी तीन दारे उघडी आहेत: रुग्णालयाचे, वेड्यांच्या इस्पितळाचे आणि अनाथ-गरिबांच्या आश्रमाचे.