कोणत्या दिवसाची गाडी?

नमस्कार. शर्यतीच्या गाडीचं प्लॅस्टिक किट हातात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. निळा नेमका कोणता, तो किती पातळ करायचा, एअरब्रश लागेलच का. माझं म्हणणं असं आहे की पहिला प्रश्न तारखेचा हवा. रस्त्यावरची गाडी कारखान्यातून बाहेर पडते आणि वर्षानुवर्षं जवळपास तशीच राहते. शर्यतीची गाडी एका शर्यतीकडून दुसरीकडे जाताना बदलते. नाक बदलतं, पंख बदलतो, ब्रेकला हवा नेणारे पाइप बदलतात, नंबर बदलतो. म्हणून ‘मी अमुक गाडी बनवतोय’ हे वाक्य अपुरं आहे. कोणत्या दिवसाची, ते सांगता आलं पाहिजे.

हे समजावण्यासाठी माझ्या सगळ्यात आवडत्या गाडीचं उदाहरण घेतो: टिरेल पी-३४, सहा चाकांची फॉर्म्युला वन गाडी. पुढे चार लहान चाकं, मागे दोन मोठी. डेरेक गार्डनर या अभियंत्याने ती आखली. कारण सरळ होतं. नियमानुसार पुढचं नाक जास्तीत जास्त १५० सेंटिमीटर रुंद असू शकत होतं, आणि नेहमीची पुढची चाकं नाकाच्या वर उघडी राहून हवेत अडथळा करत, गाडीला वर उचलत. गार्डनरने १० इंची रिमवरची चाकं घेतली, ती नाकाच्या आडोशाला लपवली. एवढ्या लहान दोन टायरांची पकड पुरणार नाही म्हणून चार लावली. पुढच्या ब्रेकलाही दोनाऐवजी चार डिस्क मिळाल्या.

आता तारखा पाहा. सप्टेंबर १९७५ मध्ये लंडनच्या हीथ्रोजवळ गाडी पत्रकारांना दाखवली, तीही कापडाखाली चाकांवर गोल कडी लावून, म्हणजे झाकलेली असताना ती चारचाकीच वाटावी. १९७६ च्या मे महिन्यात स्पेनमधल्या हारामाला ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली. इंजिनात हवा नेणाऱ्या उंच डब्यावर, म्हणजे एअरबॉक्सवर, त्याच सुमाराला बंदी आली होती. १३ जून १९७६ ला स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला टिरेलच्या दोन चालकांपैकी जोडी शेक्टर पहिला आणि पात्रिक देपाये दुसरा आला. सहा चाकांच्या गाडीने जिंकलेली ती एकमेव ग्राँप्री. २४ ऑक्टोबर १९७६ ला जपानमध्ये फुजीला, भर पावसानंतर, देपाये दुसरा आला. त्या शर्यतीत चालकांची नावं गाडीवर जपानी लिपीत लिहिली होती. १९७७ मध्ये शेक्टर गेला, रॉनी पीटरसन आला, अंगावरची सगळी बॉडी बदलली आणि निळ्यासोबत पांढरा रंग आला. म्हणजे शेक्टरच्या ३ नंबरची गाडी बनवून तिच्यावर १९७७ चं नाक बसवलं, तर अशी गाडी कधी धावलीच नाही. कौशल्य कितीही असो, ते मॉडेल चुकीचं राहतं.

जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया या किट बनवणाऱ्या कंपनीने ही गाडी १/१२ आणि १/२० अशा दोन मापांत काढली, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या आणि विसाव्या हिश्शाएवढी. १/२० मध्ये फुजीच्या शर्यतीची वेगळी आवृत्तीही आहे, आणि माझा पक्षपात तिच्याकडे आहे, कारण त्या डब्यात तारीख आधीच ठरलेली असते. एक योगायोग मला फार भावतो. केन टिरेल मूळचा लाकडाचा व्यापारी. त्याचा संघ इंग्लंडमधल्या सरे परगण्यात लाकडाच्या वखारीतून चालायचा. तामियाची सुरुवातही लाकडाच्या धंद्यातून झाली, १९४६ मध्ये. आधी इमारती लाकूड, मग लाकडी मॉडेल, मग प्लॅस्टिक. या कंपनीची अभ्यासाची पद्धतही जाणून घेण्यासारखी आहे. पोर्श ९३४, म्हणजे ९११ ची शर्यतीची आवृत्ती, तिचं १/१२ किट करताना कंपनीच्या शुन्साकु तामिया यांनी खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून तिचा भाग न् भाग मापला. आपण चिमट्यात धरतो त्या तुकड्यामागे हे एवढं काम असतं.

आता इंजिनाकडे येतो. पी-३४ मध्ये फोर्ड-कॉसवर्थ डीएफव्ही आहे, तीन लिटरच्या आतलं, ९० अंशांचं व्ही-८, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा व्ही आकारात. १९६७ मध्ये डच ग्राँप्रीला जिम क्लार्कच्या लोटसमध्ये ते पहिल्यांदा आलं आणि पहिलीच शर्यत जिंकलं. हे इंजिन सांगाड्यावर ठेवलेलं नसतं. ते स्वतःच गाडीचा मागचा सांगाडा असतं. ॲल्युमिनियमचा पुढचा भाग चालकाच्या पाठीशी संपतो, तिथे इंजिन बोल्टने जोडलेलं, इंजिनाला मागे ह्युलँड गिअरबॉक्स, आणि मागच्या चाकांचा सगळा भार त्याच वाटेने पुढे येतो. किटमध्येही तसंच आहे. म्हणून कोरड्या जुळणीत, डिंक लावण्याआधी, हे तीन भाग एका रेषेत आहेत की नाहीत ते सपाट काचेवर ठेवून बघा. इथे अर्धा मिलिमीटर वाकडं गेलं तर सहापैकी एखादं चाक हवेत राहतं.

एक्झॉस्टचे पाइप बघा. डाव्या बाजूचे चार एकत्र येऊन एक होतात, उजवीकडचे चार एकत्र येऊन एक. फोर्डच्या जीटी-४० या दुसऱ्या शर्यतीच्या गाडीचे पाइप आठवा: इकडचे तिकडे, तिकडचे इकडे, नुसती सापांची गुंतवळ. दोन्हीही व्ही-८, मग हा फरक का? डीएफव्हीचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, सपाट आहे. पिस्टन ज्यांना जोडलेले असतात ते चारही क्रँकपिन एकाच पातळीत. त्यामुळे प्रत्येक बाजूचे चार सिलिंडर स्वतंत्र चार सिलिंडरच्या इंजिनासारखे समान अंतराने पेटतात आणि त्यांचे पाइप त्याच बाजूला जुळवता येतात. जीटी-४० च्या क्रँकचे पिन एकमेकांशी काटकोनात आहेत. तिथे समान अंतर साधायचं तर दोन्ही बाजूंचे पाइप एकमेकांत न्यावेच लागतात. हे कळलं की सूचनापत्रक न बघताही कोणता पाइप कुठे जाणार ते हाताला समजतं. बारकावा म्हणजे जास्त तुकडे चिकटवणं, असं अनेकांना वाटतं. मला वाटतं, प्रत्येक तुकडा तिथे का आहे हे माहीत असणं म्हणजे बारकावा.

स्पार्क प्लगच्या वायरी किटमध्ये बहुधा नसतात, त्या आपण घालायच्या. खऱ्या वायरची जाडी साधारण ७ मिलिमीटर धरा. १/१२ ला ती ०.५८ होते, १/२० ला ०.३५. हा भागाकार न करता हाताला येईल ती वायर घातली की इंजिनावर नळ्या लोंबत असल्यासारखं दिसतं. विजेच्या साध्या फ्लेक्झिबल वायरमधली एक बारीक तांब्याची तार बऱ्याचदा ०.३ मिलिमीटरची असते. तिच्यावर रंग चढला की १/२० साठी अगदी बरोबर माप मिळतं. हाताने फिरवायच्या ड्रिलने ०.४ चं भोक पाडा, तार आत सारा, मग वळवा. आणि आठ सिलिंडर म्हणजे वायरी आठच. धातूंचे रंगही एकच चंदेरी नकोत. मॅग्नेशियमचे ओतीव भाग मंद, किंचित पिवळसर करडे दिसतात. ॲल्युमिनियम पांढरट उजळ. एक्झॉस्ट तापून तपकिरी.

पुढच्या चार चाकांना वळवायचं असेल तर चारही वळली पाहिजेत. स्टिअरिंग पहिल्या जोडीला जोडलेलं होतं आणि दुसरी जोडी पहिलीला दुव्यांनी बांधलेली. कॉकपिटच्या कडेला छोट्या खिडक्या आहेत, चालकाला ती लपलेली चाकं दिसावीत म्हणून. त्या पारदर्शक तुकड्यांना सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने प्लॅस्टिकवर पांढरा धूर बसतो. फेविकॉलसारखा पांढरा डिंक पुरतो.

रंगाबद्दल थोडक्यात. १/२० वर ०.१ मिलिमीटर जाड थर म्हणजे खऱ्या गाडीवर २ मिलिमीटरचा लेप. रिव्हेट बुजतात, पत्र्याच्या कडा गोल होतात. गॅरेजमधल्या डुको रंगाची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: इथे थर पातळच हवेत, आणि ओला पॉलिश पेपर फार हलक्या हाताने फिरवायचा. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात लॅकर मारू नका. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंग दुधाळ होतो. कोरडा दिवस येईपर्यंत इंजिन करत बसा. डेकल, म्हणजे नंबर आणि नावांचे छापील स्टिकर, मात्र चकचकीत थरावरच लावा. खरखरीत थरावर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. जुन्या किटचा डेकलचा कागद पिवळा पडला असेल तर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवा, उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो.

शेवटी संदर्भाच्या फोटोंबद्दल, कारण तारखेचा प्रश्न सगळ्यात जास्त इथेच घसरतो. पी-३४ च्या काही गाड्या आजही जुन्या गाड्यांच्या शर्यतींत धावतात. १९७७ मध्ये ही गाडी मागे पडली, त्याचं एक मोठं कारण लहान टायर होते: गुडइयरला ते एकाच संघासाठी बनवावे लागत, त्यांचा विकास बाकीच्या टायरांच्या मागे राहिला. पुढे ॲव्हन या टायर कंपनीने १० इंची नवे टायर करून दिले आणि मार्टिन स्ट्रेटन या चालकाने २००० मध्ये पी-३४ घेऊन जुन्या ग्राँप्री गाड्यांची मालिका जिंकली. त्या गाडीचे स्वच्छ, जवळून काढलेले रंगीत फोटो सहज मिळतात. पण त्यात चालकाला बांधायचे पट्टे आजच्या सुरक्षा नियमांचे आहेत, टायरवर नाव वेगळं आहे. यांत्रिक जोडणी कळायला ते फोटो वापरा. पट्टे, टायर, स्टिकर आणि काचा मात्र १९७६ च्या त्या आठवड्यात काढलेल्या फोटोवरूनच ठरवा, मग तो कृष्णधवल आणि धूसर का असेना. पहिलंच किट करणाऱ्यांनी १/२० घ्यावं, इंजिन झाकून टाकू नये, आणि डबा उघडण्याआधी अँडरस्टॉर्प की फुजी, ते कागदावर लिहून ठेवावं. आता तुमचे प्रश्न घेतो.