फुलराणीचा आवाज

(पडद्यावर कृष्णधवल टीव्ही. शेजारी दाटीवाटीनं बसलेली माणसं.)

सत्तरच्या दशकातली मुंबई. अख्ख्या चाळीत टीव्ही एखाद्याच घरात. बातम्यांची वेळ झाली की त्या घराचं दार उघडंच राहायचं, आणि माणसं पार उंबरठ्यापर्यंत बसायची. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तिथं मराठी बातम्या देणाऱ्यांत एक होत्या भक्ती बर्वे. ‘चंद्रा’तला च वेगळा आणि ‘चांदण्या’तला च वेगळा, हे त्यांच्या तोंडून ऐकताना आपोआप कळायचं.

जन्म सांगलीचा, १० सप्टेंबर १९४८. रंगभूमीची ओळख सुधा करमरकरांच्या बालनाट्यांतून झाली. पुढं आकाशवाणी. नुसत्या आवाजावर माणसांना बांधून ठेवायची सवय तिथं लागली असणार.

आणि मग २९ जानेवारी १९७५. ‘ती फुलराणी’चा पहिला प्रयोग.

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक मराठीत आणलं. मराठीत आणलं म्हणजे असं आणलं, की ती फुलवाली आपल्याच नाक्यावरची वाटावी. भाषेचे प्राध्यापक अशोक जहागीरदार झाले होते सतीश दुभाषी. फुलं विकणारी मंजुळा, भक्ती बर्वे.

जरा थांबून विचार करा. घराघरांत जिचं मराठी कान देऊन ऐकलं जायचं, तीच बाई रंगमंचावर अशी बोली बोलत होती, की प्राध्यापकानं कानांवर हात ठेवावेत! पण त्या बोलीची टिंगल त्यांनी कधी होऊ दिली नाही. मंजुळा भांडते, अंगावर धावून जाते, तेव्हाही तिचा मान कुठं कमी होत नाही. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत बघा. आवाज चिडतो, धमकावतो, आणि बघता बघता एका पोरीच्या स्वप्नात रमून जातो. पुढं अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही मंजुळा केली, जीव ओतून केली. तरी ‘फुलराणी’ म्हटलं की पहिलं नाव ओठांवर येतं ते भक्तीताईंचंच.

त्या एका भूमिकेत मात्र त्या अडकून पडल्या नाहीत. ‘आई रिटायर होतेय’मधली, घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई त्यांची. ‘गांधी विरुद्ध गांधी’तल्या कस्तुरबाही त्यांच्याच. बापू आणि मुलगा हरिलाल यांच्या ओढाताणीत सापडलेली ती माऊली. हिंदीत ‘जाने भी दो यारों’ या १९८३ च्या चित्रपटातली धूर्त संपादिका शोभा सेन आजही लोकांच्या लक्षात आहे. १९९० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये पती, अभिनेते शफी इनामदार गेले. भक्तीताई काम करत राहिल्या.

जून २००० मध्ये पु. ल. गेले. भक्तीताई ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा एकपात्री कार्यक्रम करत होत्या. फेब्रुवारी २००१ मध्ये असाच एक प्रयोग वाईला झाला. तो आटोपून मुंबईला परतताना, १२ फेब्रुवारीला, द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. वय अवघं ५२.

(पडदा काळा. क्षणभर शांतता.)

त्यांचं ते स्वगत दूरदर्शननं जपून ठेवलंय. आता आम्ही बोलणं थांबवतो. पुढचा आवाज भक्तीताईंचा.