जुन्या इटालियन सायकलचा मूळ रंग

नमस्कार श्रोतेहो. कोल्नागो, दे रोझा, चिनेल्ली, मासी, बियांकी अशा इटालियन कंपन्यांपैकी एखादीची जुनी पोलादी रेसिंग सायकल घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर पैसे मोजण्याआधी एक गोष्ट पक्की करा. ब्रेक, चाकं, चेन हे सगळं आजही मिळतं. कारखान्यात चढलेला रंग आणि त्यावरची अक्षरं मात्र एकदा खरवडली की गेली. त्यामुळे टवके उडालेली पण मूळ रंगातली सरळ फ्रेम ही नव्याने रंगवलेल्या चकचकीत फ्रेमपेक्षा बहुतेक वेळा जास्त मोलाची.

पण सरळ म्हणजे खरोखर सरळ हवी. अशा जुन्या सायकलींच्या बऱ्याच चांगल्या फ्रेम कोलंबस या इटालियन कंपनीच्या एसएल नावाच्या पोलादी नळ्यांच्या आहेत. या नळीचा पत्रा टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मधे फक्त ०.६ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणून समोरून धडक बसली की ती चटकन वाकते. पुढच्या जोडामागे, म्हणजे हँडलखालच्या आखूड उभ्या नळीमागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटावरून बोटं फिरवा. तिथे सुरकुती किंवा उंचवटा लागला, त्यावरचा रंग आडवा तडकलेला दिसला, तर ती फ्रेम सोडून द्या. मग दोरा घ्या. फ्रेमच्या ज्या दोन खाचांत मागचं चाक बसतं, त्यांतल्या एका खाचेतून तो पुढच्या जोडाला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणा, ताणा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर मागचा भाग एका बाजूला गेलेला आहे.

सीटचा दांडा आणि हँडल फ्रेमला जोडणारा स्टेम विकणाऱ्यासमोरच हलवून बघा. दांड्याचं ॲल्युमिनियम आणि फ्रेमचं पोलाद ओलाव्यात वर्षानुवर्षं चिकटून राहिले की मधे क्षार धरतो आणि दांडा जागचा हलत नाही. तो काढायला आच दिली की रंग जळतो. म्हणजे अडकलेला दांडा हा रंगाचाच प्रश्न आहे, आणि किंमत ठरवताना तो धरायला हवा. पॅडलचा एक्सल ज्या आडव्या नळीत बसतो, त्या कवचाखालीही बघा. फुगलेला रंग म्हणजे आतून आलेला गंज. इटालियन आट्यांचं हे कवच ७० मिलिमीटर रुंद असतं आणि त्यात बेअरिंग धरणारे दोन्ही कप सुलट, म्हणजे उजवीकडे फिरवून घट्ट होणाऱ्या आट्यांचे असतात. त्यामुळे चेनच्या बाजूचा कप चालवताना आपोआप सैल होऊ पाहतो. तो डुगडुगत राहिला असेल तर आटे खराब झालेले असू शकतात.

फ्रेम पुन्हा रंगवली आहे का, हे कुठे कळतं? जोडांच्या धारा बोथट दिसतात, कोरलेली अक्षरं रंगाने भरलेली असतात, कवचाच्या आट्यांत रंग साचलेला असतो. पुढचं चाक धरणारा फोर्क उतरवता आला तर त्याच्या नळीवर आणि पुढच्या जोडाच्या आत पहिल्या रंगाचे शिंतोडे सापडतात.

आता सायकल तुमची झाली असं धरू. पहिली धुलाई कोमट पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब आणि मऊ सुती फडकं, एवढ्यावरच करा. जोराच्या फवाऱ्याने पाणी नळ्यांत आणि बेअरिंगमधे घुसतं. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांना हात लावू नका. अशा जुन्या फ्रेमवरची बरीच अक्षरं पाण्याने सोडवून चिकटवलेली असतात आणि कित्येकदा त्यांच्यावर पारदर्शक वार्निशचा थर नसतो. एका पुसण्यात नाव नाहीसं होतं.

पॉलिश लावायचं तर सर्वांत सौम्य घ्या आणि आधी कवचाखाली नखाएवढ्या जागेवर घासून बघा. फडक्यावर फ्रेमचा रंग उतरला तर वर पारदर्शक थर नाही, तुम्ही थेट रंगच झिजवताय. तिथेच थांबा, फक्त मेण लावा. अक्षरांवर पॉलिश फिरवूच नका. क्रोमवर पातळ पारदर्शक रंग चढवलेली, इटलीत क्रोमोवेलातो म्हणतात ती फ्रेम असेल तर जास्तच जपा. तो रंग उन्हाने विटतो, घासल्याने फिका पडतो, आणि त्याला जुळणारा ठिपका लावणं जवळजवळ अशक्य असतं.

टवका उडालेल्या जागी गंज लाकडी टोकाने खरवडा, सुटलेली पूड पुसा, बारीक कुंचल्याने गंजरोधक लावा आणि वाळल्यावर फक्त तेवढ्याच खड्ड्यात रंग भरा. काठाबाहेर जाऊ नका. उद्देश गंज थांबवण्याचा आहे, खूण लपवण्याचा नाही.

क्रोम स्वतः गंजत नाही. त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून खालचं पोलाद गंजतं आणि तपकिरी ठिपके वर येतात. ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. पुसून कोरडं केलं की लगेच मेण लावा, नाहीतर ठिपके परत येतात. क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, आणि गिअर बदलणारा डिरेलर यांच्यावर ॲनोडाइजचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेने चढवलेला संरक्षक थर असेल तर त्यांना धातूचं पॉलिश लावू नका. तो थर एकदा उडाला की ॲल्युमिनियम लवकर काळवंडतं.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे नळ्यांची आतली बाजू. सगळे भाग उतरवलेले असतानाच प्रत्येक नळीत मेणयुक्त गंजरोधक फवारा, फ्रेम सर्व बाजूंनी फिरवा आणि रात्रभर निथळू द्या. बाहेर ओघळलेलं लगेच पुसा. उकळलेलं जवसाचं तेलही चालतं, पण त्याची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

कामाच्या स्टँडवर सायकल नेहमी सीटच्या दांड्याने पकडा, नळीने नाही. वरच्या नळीवरच्या केबलच्या क्लिपा वर्षातून एकदा काढा, खालचा ओलावा पुसा, मेण लावा आणि मगच परत बसवा. केबल जिथे पुढच्या जोडाला घासते तिथे चिकटपट्टी लावायचा मोह होईल. जुन्या रंगावर ती नको, काढताना रंग सोबत घेऊन येते. केबलचं आवरण योग्य लांबीचं कापलं की घासणं बरंच थांबतं.