कायमचा पत्ता

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'राज्याची आकडेवारी, लोकांचं आरोग्य आणि उपचारांची सोय'. त्यावर येतोच. पण आधी आत्याचं सांगतो, कारण या आकड्यांच्या मागे मी लागलो तो तिच्यामुळे.

आत्या डोळखांबकडची, शहापूर तालुका. एका पहाटे तिचं उजवं अंग लुळं पडलं, तोंडातून शब्द फुटेना. जीप मिळेस्तोवर उजाडलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि चिठ्ठी दिली, शहापूरला न्या. शहापुरात सलाईन लागलं, दुसरी चिठ्ठी मिळाली, ठाण्याला न्या. भिवंडी बायपासच्या कोंडीत आमची दुपार झाली. इथे बसलेल्या प्रत्येकाला ती कोंडी माहीत आहे. पण मांडीवर माणूस घेऊन तिच्यात अडकणं वेगळं. ठाण्यात खाट नव्हती. तिसरी चिठ्ठी, मुंबई. गुठळीमुळे पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चौथ्या दिवशी आत्या गेली. चारही ठिकाणी माणसं नीट वागली, हेही सांगायला हवं.

नंतर मी दाखला आणायला गेलो. मृत्यूचं ठिकाण, मुंबई. खाली कायमचा पत्ता, डोळखांब. आपल्याकडे १९६९च्या कायद्याप्रमाणे जन्म-मृत्यूची नोंद घटना घडते तिथे होते. म्हणजे आत्या मुंबईच्या रजिस्टरात गेली, आणि ज्या तालुक्यात तिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत त्याच्या रजिस्टरात तो मृत्यू आलाच नाही. बाळंतपणांचंही तसंच. मुरबाडची सून कळव्याला बाळंत झाली, की जन्म ठाणे महापालिकेत. जिथे सोय नाही तिथून माणसं बाहेर जातात, आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो.

आता आपला जिल्हा घ्या. २०११च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांवर माणसं. घोडबंदर रोडचे टॉवर आणि मोखाड्याचे पाडे एकाच सरासरीत. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. पण २०१५-१६चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जनगणनेच्या जुन्या सीमांवर झालं, म्हणून त्यातल्या 'ठाण्या'त जव्हार, मोखाडा, विक्रमगड आहेत. पुढच्या, २०१९-२१च्या फेरीत नाहीत. हे दोन रकाने शेजारी ठेवून जिल्हा सुधारला म्हणणारे मला भेटलेत. अहो, त्यातली निदान काही सुधारणा नकाशाची आहे!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. ठीक, मुद्दे भरभर सांगतो.

राज्याचा आकडा टाकून द्या असं मी म्हणत नाही. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १६ अर्भकं दगावली, देशात २८. हा आकडा घरोघरी जाऊन, माणूस राहतो तिथे मोजलेला, म्हणून राज्याराज्यांची तुलना त्यावर करावी. पण तो जिल्ह्यापर्यंत उतरत नाही, त्यातून शहापूर शोधू नका. दुसरं, २०१९-२१च्या सर्वेक्षणात राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली. आनंदाची गोष्ट आहे. पण बाई किती गाड्या बदलून पोचली, हे त्या टक्केवारीत नाही. तिसरं, आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष इमारतीचा आहे. रात्री तिथे डॉक्टर असतो का, ते वेगळं मोजावं लागेल.

आणि माझी मागणी एकच. कायमचा पत्ता फॉर्मवर आपण लिहितोच. त्या पत्त्याप्रमाणे तालुकावार मृत्यू मोजा आणि दरवर्षी जाहीर करा. आत्याचा दाखला मी बरोबर आणलाय. तो रकाना ज्यांना बघायचा असेल त्यांनी खाली टेबलापाशी या.